हॉल की केबिन? एकाच गाळ्यात दोन्ही करून पाहिल्यावर

ऑफिससाठी गाळा ताब्यात आला की पहिला वाद हाच. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं, की पार्टिशन टाकून दोघा-तिघांच्या केबिन करायच्या? मी दोन्ही केलंय, तेही एकाच जागेत, त्याच अकरा माणसांना घेऊन. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला साडेसहाशे चौरस फुटांचा गाळा. काम जीएसटी, टीडीएस, ऑडिट, म्हणजे निम्मा दिवस आकडे आणि निम्मा दिवस फोन. तुमचं काम वेगळं असेल तर हिशेब थोडा बदलेल, हे आधीच सांगतो.

पहिली तीन वर्षं हॉल होता, आणि तो वाईट नव्हता. खर्च कमी, दोन एसींत भागायचं, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा. लाईट गेली तरी वारा आरपार असायचा, काम करत बसता यायचं. सगळ्यात मोठा फायदा आर्टिकलच्या, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांना. नोटिशीला उत्तर कसं द्यायचं, चिडलेल्या क्लायंटला कसं शांत करायचं, हे ती कानांनी शिकायची. कुणी बसवून शिकवावं लागत नसे. केबिन झाल्यावर ही गोष्ट गेली ती गेलीच, आणि मला ती अजून खटकते.

हॉलमुळे संवाद वाढतो असं इंटिरियरवाले हमखास सांगतात. तिथे मात्र मी जरा बिचकतो. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१८ साली दोन मोठ्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं आणि ईमेल वाढल्या होत्या. आमच्याकडे कुणी मोजलं नाही, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस व्हॉट्सअॅपवर ‘चहा?’ विचारायचा, हे मी पाहिलंय.

तरी यातल्या कशानेच माझं मत फिरलं नाही. ते फिरलं ओटीपीने.

आमचे बरेच क्लायंट प्रोप्रायटर. कुणाचं हार्डवेअरचं दुकान, कुणाचा छोटा वर्कशॉप. त्यांचं रिटर्न आम्ही भरतो, पण ओटीपी जातो त्यांच्या मोबाईलवर. मग ११ आणि २० तारखेच्या, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या मुदतीच्या आसपास हॉलभर एकच जप. ‘काका, ओटीपी आला का? नाही, तो बँकेचा. सहा आकडी बघा. हां, सांगा.’ मग शांतता. मग ‘परत एकदा सांगा.’ एक फोन संपला की दुसऱ्या कोपऱ्यातून, ‘मावशी, ओटीपी आला का?’

असल्या एका २० तारखेला माझ्या शीटमध्ये आयटीसीच्या, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीच्या रकान्यात ४७१९०६ बसले होते. कुठल्याच बिलाशी आकडा जुळेना. वीस मिनिटं बिलं चाळली. शेवटी समोरच्या मुलाला विचारायला उठलो, तर त्याच्या टेबलावरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तोच आकडा लिहिलेला. कुणाच्या तरी काकांचा ओटीपी मी ऐकता ऐकता टाईप केला होता!

मला वाटायचं, माझंच वय झालं. पण कॉर्नेल विद्यापीठात २०१० साली नेमका हाच प्रयोग झाला होता. दोन्ही बाजूंचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर तेवढं लक्ष उडत नाही, एकाच बाजूचं पडलं तर उडतं. पुढे काय येणार याचा अंदाज लागत नाही, म्हणून मेंदू उरलेलं अर्धं भरत बसतो. म्हणजे फोन हळू आवाजात करा सांगून फार फरक पडणार नव्हता. हेडफोन घालायला सांगितले, तर क्लायंटचे फोन सुटायला लागले. भिंतींना फोम लावून घेतला. घुमणं कमी झालं, आणि शब्द उलट जास्त स्वच्छ ऐकू यायला लागले. फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, माणसाचं तोंड आणि माझा कान यांच्या मध्ये येत नाही. एवढी साधी गोष्ट पैसे देऊन शिकलो.

मग केबिन केल्या. तोटे सांगतो. साडेसहाशेतली साठ-सत्तर फूट जागा पॅसेजने खाल्ली. आतल्या केबिनला खिडकी नाही, दिवसभर ट्यूबलाईट. प्रत्येक केबिनला वेगळा एसी, त्याचा वेगळा पाईप, तापमानावरून वेगळं भांडण. आणि पहिल्या खेपेला आवाज जसाच्या तसा. दार लावून बसलो तरी पलीकडून ‘ओटीपी आला का’ येतच होतं.

कारण वर होतं. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली, वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. इथले जुने गाळे यंत्रांसाठी बांधलेले, छत उंच. माझं चौदा फुटांवर. फॉल्स सीलिंग नऊ फुटांवर, आणि कंत्राटदाराने पार्टिशनही नऊ फुटांवरच थांबवलं होतं. वरची पाच फूट पोकळी सगळ्या केबिनना सामायिक. आवाज टाईलमधून वर जायचा, पोकळीतून फिरून पलीकडच्या केबिनमध्ये उतरायचा. कोटेशनमध्ये मात्र ‘साउंडप्रूफ’ लिहिलं होतं. सीलिंग उघडून पार्टिशन स्लॅबपर्यंत नेलं, दोन्ही बाजूंना जिप्समचा दुहेरी थर, मध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर), वायरी जिथून जातात ती भोकं बुजवली, दाराखालच्या फटीला रबर. पलीकडचं कुजबुजल्यासारखं ऐकू येतं अजून, पण शब्द कळत नाहीत. मला तेवढंच हवं होतं.

तेव्हा केबिन करणार असाल तर कोटेशनमध्ये ‘पार्टिशन स्लॅबपर्यंत’ हे लिहून घ्या, नाहीतर सरळ हॉलच ठेवा, पैसे तरी वाचतील. काचेच्या केबिन दिसायला छान, पण पट्ट्यांमधल्या फटींतून आवाज जातो. माझ्या एका मित्राकडे आहेत. त्याच्या केबिनमध्ये बसून मी बाहेरच्या मुलीची रजा मंजूर झाल्याचं ऐकलंय.

ज्यांच्याकडे फोन तुरळक, काम एकमेकांच्या स्क्रीनवर बोट ठेवून चालतं, म्हणजे ड्रॉइंग, डिझाईन, छपाई, त्यांना हॉल बरा पडेल असं मला वाटतं. जिथे आकडे आणि फोन एकाच छताखाली आहेत, तिथे मी तरी परत हॉल करणार नाही. शिकाऊ मुलांसाठी एक तडजोड ठेवलीय. नवीन मुलगा पहिले सहा महिने सिनिअरच्याच केबिनमध्ये बसतो, कानांनी शिकतो.

आणि अगदीच हॉल करावा लागला, तर दाराजवळ तीन बाय चार फुटांचा एक कोपरा स्लॅबपर्यंत बंद करून फोनसाठी ठेवा. केबिन झाल्यावर आमच्याकडे असा एक तुकडा उरला होता, मुलं त्याला ओटीपी रूम म्हणतात. आत मुद्दाम खुर्ची ठेवलेली नाही. उभ्याने फोन लवकर संपतो.