राखीव जागा की पक्षाचा उमेदवारी कोटा?

२०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखते. अनुसूचित जाती-जमातींच्या जागांतही तेच प्रमाण. राज्यसभा यात नाही. मेख अशी, की अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधली. म्हणून २०२४ ची निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली: ५४३ पैकी ७४ महिला, २०१९ पेक्षाही ४ कमी.

पक्षाच्या कोट्याला असं थांबावं लागत नाही. २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी ७ तिकिटं महिलांना दिली, त्यातल्या ५ जिंकल्या. बंगालमध्ये तृणमूलने ४२ पैकी १७ दिली. पण हा नेत्याचा शब्द. पुढच्या वेळी आकडा घसरला तर दाद मागायची कुठे? शिवाय हरणाऱ्या जागा महिलांच्या पदरात टाकूनही कोटा भरतो. म्हणून नुसती तिकिटं मोजू नका, त्या जागेवर पक्षाला मागच्या वेळी किती मतं होती ते पाहा.

राखीव जागेत ही पळवाट नाही, कारण सगळ्याच उमेदवार महिला. तिथे अडचण फेरपालटाची, म्हणजे राखीव जागा आलटून-पालटून बदलण्याची. जागा खुली झाली की निवडून आलेल्या महिलेचं तिकीट कापलं जातं, हे महाराष्ट्रातल्या पालिकांत दिसतंच. लोकसभेत हा फेरपालट प्रत्येक पुनर्रचनेनंतर, म्हणजे मतदारसंघ बांधायला वेळ जास्त. एवढ्यासाठी तरी कायदाच हवा. तो लागू होईपर्यंत पक्षांनी जिंकण्याजोग्या जागा द्याव्यात.