सी३एच उंदीर : नाव एक, दूध दोन

स्तनाच्या गाठींवरच्या कामासाठी पुण्यातल्या पाषाण-गणेशखिंडीकडच्या प्रयोगशाळा सी३एच/एचईजे (सी३एच या प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक उपजात) मागवणार असतील, तर दराआधी विचारा: या कळपाच्या दुधात विषाणू आहे का?

गाठीचं कारण आईच्या दुधातूनही येतं, हे जॉन बिटनरने 1936 मध्ये मांडलं. तो घटक म्हणजे एमएमटीव्ही, उंदरांच्या स्तनगाठींचा विषाणू. हा रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली प्रत पेशीच्या डीएनएत घुसवणारा. जुन्या, संसर्ग असलेल्या कळपात पिल्लं दिलेल्या बहुतेक माद्यांना वर्षाच्या आत गाठ यायची. अमेरिकेत असे उंदीर वाढवून पुरवणाऱ्या जॅक्सन लॅबोरेटरीचा कळप 1999 पासून विषाणूमुक्त आहे. नाव तेच, पण गाठी तुरळक आणि उशिरा. शून्य मात्र नाही, कारण एमटीव्ही-1 हा प्रोव्हायरस, म्हणजे त्याच विषाणूची वारशाने येणारी प्रत, जनुकांतच बसलाय. दाई (दूध पाजणारी मादी) बदलून तो जात नाही.

प्रमाणपत्रावर नुसतं 'पीसीआर (जनुकाचा तुकडा शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह' असेल तर तो कागद रद्दीत घाला. शेपटीच्या डीएनएवर विषाणूच्या एन्व्ह जनुकाचे प्रायमर (शोधाला लागणारे छोटे तुकडे) सरसकट लावले की सी५७ब्लॅक६ या दुसऱ्या जातीलाही बँड येतो. त्याच्यातही एमटीव्ही-8, 9, 17 या वारशाच्या प्रती आहेतच. मागायची ती चाचणी दुधाच्या आरएनएवर, डीएनेझ (डीएनए तोडणारं विकर) देऊन, एलटीआर या विषाणूच्या टोकाच्या पट्ट्यामधल्या सॅग भागाच्या प्रायमरने. फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर रक्तातल्या, व्हीबीटा-14 ही खूण असलेल्या टी-पेशी मोजा. संसर्ग असलेल्या उंदरात त्या वयाबरोबर घटत जातात.

संसर्ग असलेला कळप आलाच तर पिल्लं पहिल्या घोटाआधी उचलावी लागतात, म्हणजे सिझेरियनच बरं. आपोआप जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात डावीकडे कातडीतून पांढरा ठिपका दिसला की ते दूध प्यायलंय, बाद. दाई एक-दोन दिवसांत व्यायलेली ब्लॅक६ घ्या आणि तिची सगळी पिल्लं काढा. कारण जन्मतः तिची नि आणलेली पिल्लं सारखीच गुलाबी. लव येईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, काळं कुठलं नि करडं कुठलं ते कळत नाही. आधी तिच्याच पिंजऱ्यातला भुसा नव्या पिल्लांना चोळा, म्हणजे वास तिचाच लागतो.

एचईजे दूध सोडेपर्यंत जवळजवळ आंधळी होते, त्यामुळे भूलभुलैयाच्या चाचण्या विसरा. जिवाणू ओळखणारं टीएलआर4 बिघडलेलं, म्हणून एलपीएसला (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाला) जवळजवळ प्रतिसाद नाही. सुजेवरचं काम असेल तर एचईएन ही सी३एचचीच दुसरी उपजात घ्या.

गाभण माद्या मे महिन्याच्या उन्हात मागवू नयेत. नैतिकता समितीची मंजुरी आधीच काढून ठेवा आणि गाडी पहिल्या पावसानंतरच बोलवा.