तीन दिवसांत खाज थांबली, तिथेच संशय यायला हवा होता

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत माझ्या कमरेला, बरोबर नाडीच्या जागी, गजकर्ण उठले. गोव्यात फोंडा तालुक्यात आमचे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे. पावसात पोफळींची कामे थांबत नाहीत, अंगावरचे कपडे दिवसभर ओलेच असतात. आधी रुपयाएवढे वर्तुळ होते, कडेला लालसर पुरळ आणि मधोमध साफ. मग ते जांघेत उतरले. रात्र रात्र खाजवत काढायचो. जागा अशी की डॉक्टरांना दाखवायचाही संकोच वाटला. तो संकोच मला फार महागात पडला.

फोंड्यात सेंद्रिय वस्तूंचे एक प्रदर्शन भरले होते. तिथे एका स्टॉलवर मध, मेण, परागकण असे सगळे मांडलेले. स्टॉलवाल्याने विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, "दादा, नायटा, गजकर्ण, चिखल्या, सगळ्यावर हे एकच. म्हादईच्या रानातल्या सातेरी माश्यांचा प्रोपोलिस आहे. केमिकल शून्य." प्रोपोलिस म्हणजे माश्या पोळ्यासाठी आणतात ती झाडांची राळ. मलमाची 30 ग्रॅमची डबी 450 रुपयांना. सोबत एक छापील पत्रक दिले. त्यात होते की 2004 मध्ये मध, ऑलिव्ह तेल आणि मेण यांच्या मिश्रणाने गजकर्णाचे रुग्ण बरे झाल्याचे प्रसिद्ध झाले आहे. भाजल्यावर मध लावणारी आजी मी पाहिली आहे. मी विश्वास ठेवला.

आणि गुण आला! तिसऱ्या दिवशी खाज बंद, पाचव्या दिवशी लाली गेली. मी शेजाऱ्यांना सांगितले, भावाला एक डबी दिली. मलम थांबवले की आठवड्याभरात गजकर्ण पुन्हा उठे, आधीपेक्षा मोठे. फोन केला की उत्तर ठरलेले, "आतले विष बाहेर पडतेय, बंद करू नका." मग पोटात घ्यायचे थेंब, 850 रुपयांची बाटली. गणेश चवथीपर्यंत सहा डब्या आणि दोन बाटल्या झाल्या. 4,400 रुपये.

पैशांचे मी सोडून दिले असते. पण माझा पंचा वापरून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या गालावर गोल उठले, आणि मी माझ्या हाताने तेच मलम तिच्या गालाला महिनाभर लावले. गोल पुसट झाले, कडा नाहीशी झाली, आणि गाल लाल, पातळ, गरम पाण्याने भाजल्यासारखा दिसू लागला. "बाबा, ऊन लागलं की झोंबतं," म्हणाली, तेव्हा दोघेही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी माझ्या कमरेवरची त्वचा पात्याने हलकेच खरवडली, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशी भरपूर. वर्तुळात वर्तुळ आणि जांघेत पडलेले जांभळट पट्टे पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टेरॉइडचे कुठले मलम लावता?" मी डबी पुढे केली. त्यांनी समजावले ते असे : स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. बुरशीविरुद्ध शरीर जी आग पाखडते, ती आग तेवढी विझवते. म्हणून खाज आणि लाली जाते, आणि बुरशीला मोकळे रान मिळते. असे रुग्ण रोज येतात, म्हणाले.

पत्रक त्यांनी नीट वाचले. तो अभ्यास खरा आहे. पण रुग्ण फक्त 37, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि त्यातही मिश्रण दिवसातून तीनदा, चार आठवड्यांपर्यंत लावले होते. मधात बुरशीला रोखणारे गुण आहेत. आम्लता, साखरेची दाटी, हायड्रोजन पेरॉक्साइड. प्रोपोलिसनेही प्रयोगशाळेत कँडिडासारख्या बुरशीची वाढ थोपवलेली आहे. पण यातले काहीही तीन दिवसांत गजकर्णाची खाज पुसून टाकत नाही.

उरलेला धागा वाळपईच्या भावोजींनी सोडवला. ते वर्षानुवर्षे सातेरीच्या पेट्या ठेवतात. डबी उघडून त्यांनी मलम बोटांवर चोळले. पांढरे शुभ्र, गुळगुळीत, वरून मधाचा वास. "प्रोपोलिस म्हणजे झाडांचा डिंक, राळ. तपकिरी, चिकट, बोटाला लागला तर साबणाने सुटत नाही. हे पांढरे कसे? आणि सातेरी माशी प्रोपोलिस गोळाच करत नाही. इतकी वर्षे पेट्या उघडतोय, कधी खरवडायला मिळाला नाही." परदेशी मेलिफेरा माशी तो भरपूर जमवते, आपल्याकडची बिनडंखी छोटी माशीही राळ आणते. पण स्टॉलवाल्याने नाव सातेरीचे घेतले होते. आमच्या गोव्यात हे नाव देवीचेही आहे, ते ऐकून माणूस हात आखडत नाही.

मग लेबल पुन्हा वाचले. 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक होता. तो अन्नपदार्थांसाठी असतो, अंगाला लावायच्या औषधासाठी नव्हे. औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक नाही, बॅच क्रमांक नाही, घटकांमध्ये फक्त "नैसर्गिक मधमाशी उत्पादने". सहा डब्या घेतल्या तरी मी एकदाही हे लेबल वाचले नव्हते.

माझी औषधे तीन महिने चालली. गोळ्या, बुरशीविरोधी मलम, घरातल्या प्रत्येकाचा पंचा वेगळा, आणि पावसात ऊन नाही म्हणून कपडे इस्त्री करून घालणे. बायकोचीही तपासणी झाली. भावाला दिलेली डबी परत मागून घेतली, शेजाऱ्यांना घरी जाऊन सांगितले. मुलीचा गाल आता बराच सावरला आहे, उन्हात मात्र अजून लाल होतो. माझ्या जांघेतले पट्टे पूर्ण जाणार नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

सहावी डबी मी फोडली नव्हती. ती पत्रकासह आणि पैसे भरल्याच्या मोबाइलवरच्या नोंदींसह बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसोबत दिली आहे. तुमच्या घरात अशी पांढरी, मधाच्या वासाची, तीन दिवसांत गुण देणारी डबी असेल, तर ती टाकून देऊ नका. मलम लावणे थांबवा आणि डबी घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.