दिवंगत सैनिकाच्या मुलांचं कॉलेज शिक्षण: केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजना कितपत कामी येतात

वडील सैन्यात होते आणि आज हयात नाहीत, अशा मुलांसाठी मदत आहे. पण ती एका खिडकीवर मिळत नाही. फॉर्म भरणं फारसं अवघड नाही, आपला फॉर्म कुठला हे ओळखताना घरं चुकतात.

म्हणून आधी आईच्या पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा. त्यावर ‘लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन’ लिहिलं असेल तर मृत्यू युद्धात किंवा कारवाईत झाल्याची नोंद आहे. ‘स्पेशल’ असेल तर मृत्यूचं कारण सेवेशी निगडित मानलेलं आहे. ‘ऑर्डिनरी’ असेल तर तसा संबंध जोडलेला नाही. निवृत्तीनंतर आजाराने गेलेल्या बहुतेक सैनिकांची घरं इथेच येतात. पुढचं सगळं या एका शब्दावर ठरतं.

कारवाईत मृत्यू असेल तर संरक्षण मंत्रालयाची शैक्षणिक सवलत सर्वांत भरघोस. मान्यताप्राप्त संस्थेतली ट्यूशन फी पहिल्या पदवीपर्यंत पूर्ण परत मिळते. २०१७ मध्ये त्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा आली होती, ती मार्च २०१८ मध्ये उठली. जुनं पत्रक दाखवून कोणी मर्यादा सांगितली तर ऐकून घेऊ नका.

बाकीच्यांसाठी मुख्य आधार म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करायचा. मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये, पण पैसे वर्षातून एकदा एकरकमी खात्यात येतात. म्हणजे चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला मुलाला १,२०,०००, मुलीला १,४४,०००. खासगी कॉलेजची फी यातून भागत नाही. शिवाय रक्कम उशिरा येते, त्यामुळे फीच्या पहिल्या हप्त्याची सोय आधीच वेगळी करून ठेवावी लागते.

दरवर्षी ५,५०० जागा, निम्म्या मुलींच्या. अट बारावीला ६० टक्के. एमबीए, एमसीएसाठी पदवीला ६० टक्के. निवड आधी प्रवर्गाने, मग गुणांनी. कारवाईत गेलेल्यांची मुलं पहिल्या प्रवर्गात, सेवेशी निगडित कारणाने गेलेल्यांची तिसऱ्या. निवृत्तीनंतर नैसर्गिक मृत्यू आलेल्या जवानाची मुलं सहाव्या प्रवर्गात येतात, हयात माजी सैनिकांच्या मुलांबरोबर. वडील गेले म्हणून वेगळं प्राधान्य नाही. ज्या घराची कमाई थांबली त्याच्यावर हा अन्याय आहे असं आम्हाला ठामपणे वाटतं.

सर्वांत कठोर नियम पहिल्या वर्षाचा. नवा अर्ज प्रथम वर्षालाच करायचा. तो हुकला की दुसऱ्या वर्षी दार बंद, आणि त्याबरोबर पुढच्या सगळ्या वर्षांचे पैसेही गेले.

अर्ज अडकतो तो कागदांवर. सैनिकाच्या रेकॉर्डमध्ये मुलाचं नाव किंवा जन्मतारीख एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरी, हे नेहमीचं. दुरुस्तीचा मार्ग सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून जातो, त्याला महिने लागतात आणि वडील नसल्याने सगळा पत्रव्यवहार आईलाच करावा लागतो. हे काम मूल अकरावीत असतानाच सुरू करा. बोनाफाईड कॉलेजच्या नेहमीच्या छापील नमुन्यात चालत नाही. बोर्डाचाच नमुना छापून न्या आणि सही-शिक्का घ्या. बँक खातं विद्यार्थ्याच्या नावावर, आधारशी जोडलेलं हवं. अल्पवयीन असताना उघडलेलं खातं १८ पूर्ण झाल्यावर केवायसी न केल्यास गोठतं आणि मंजूर रक्कम लटकते. मूळ कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तपासले जातात, तिथून अर्ज राज्याकडे आणि मग दिल्लीला. ऑनलाइन ‘सबमिट’ केलं म्हणजे काम झालं असं समजू नका. त्रुटी निघाली तर ती संकेतस्थळावरच दिसते, म्हणून दर आठवड्याला लॉगिन करा.

नूतनीकरणाला दरवर्षी ५० टक्के लागतात. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय घेऊन, पुढे गेलेल्यांचं इथे अडतं.

बीए, बीकॉम, साधी बीएस्सी करणाऱ्यांना पंतप्रधान शिष्यवृत्ती नाही, कारण ती व्यावसायिक पदव्यांसाठी आहे. त्यांनी रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतलं शिक्षण अनुदान पाहावं. हवालदार व त्याखालच्या हुद्द्यांसाठी, दोन मुलांपर्यंत, पदवीपर्यंत. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना १,००० ऐवजी २,००० रुपये मिळतात. गावाकडच्या अनेक घरांना याचा पत्ताच नसतो.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात माजी सैनिकांच्या मुलांना संरक्षण कोट्यातून जागा मिळते. त्या जागेसाठी लागणारा दाखला वेगळा, शिष्यवृत्तीचा वेगळा, दोन्ही जिल्हा कार्यालयातूनच मिळतात. एकाच फेरीत दोन्ही मागून घ्या. आईचं ओळखपत्र, डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि मृत्यूचा दाखला यांच्या प्रत्येकी तीन प्रती बरोबर ठेवा.