'ड्रंकन मास्टर' की 'प्रोजेक्ट ए': आधी कुठला पाहावा?

जॅकी चॅनचा जुना हाँगकाँगी सिनेमा पाहायचाय आणि हाताशी एकच संध्याकाळ आहे, तर निवड बहुधा या दोघांपाशी येऊन अडते. धडपड आणि हाणामारी दोन्हींत भरपूर. हसवायची तऱ्हा मात्र वेगळी.

'ड्रंकन मास्टर' (1978, दिग्दर्शक युएन वू-पिंग) शरीरातून हसवतो. वोंग फेई-हुंग हा दक्षिण चीनमधला खराखुरा वैद्य आणि कुंग फू गुरू. क्वान टाक-हिंग या नटाने कितीतरी सिनेमांत तो धीरगंभीर रंगवला होता. इथे तोच (म्हणजे जॅकी) उनाड, टवाळ पोरगा. त्याला वठणीवर आणायला येतो दारुडा गुरू सू (दिग्दर्शकाचे वडीलच ही भूमिका करतात). पोराला उलटं टांगायचं आणि खालच्या बादलीतलं पाणी चहाच्या एवढ्याशा कपांनी वर भरायला लावायचं! दर खेपेला पोट आवळून वर यायचं, कळवळायचं. आपण हसतो, आणि नकळत तालीमही पाहतो. गुरूच्या आठ मद्यधुंद शैलींपैकी आठवी, मिस होची, पठ्ठ्याने बायकी म्हणून टाळलेली असते. शेवटी खलनायक झालेल्या ह्वांग जांग-लीच्या भयंकर लाथांपुढे नेमकी तीच लागते, मग तो ती उभ्या उभ्या रचतो: मुरडतो, लाजतो, मध्येच ठोसा हाणतो. थट्टा हाच डाव. मधला भाग रेंगाळतो आणि काही विनोद पांचट आहेत, हेही खरं.

'प्रोजेक्ट ए' (1983) जॅकीने स्वतः दिग्दर्शित केला. सोबत सामो हुंग आणि युएन बियाओ. तिघंही पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी नाट्यप्रकाराच्या एकाच शाळेतले, त्यामुळे टायमिंग चोख. जुन्या हाँगकाँगात सागरी पोलीस, शहरातले पोलीस आणि समुद्री चाचे. हसू येतं खुर्च्या, जिने, बोळातल्या सायकली यांतून. दारूच्या गुत्त्यातल्या मारामारीत जॅकी आणि युएन बियाओ एकमेकांवर खुर्च्या फोडतात, काहीच झालं नाही असा आव आणतात आणि आडोशाला जाऊन विव्हळतात. मनोऱ्यावरच्या घड्याळाला लोंबकळणं ही मूकपटांतल्या विनोदवीर हॅरॉल्ड लॉइडची आठवण, पण जॅकी खरोखर सुटतो आणि कापडी छतं फाडत जमिनीवर आदळतो. इथे हसू घशातच अडकतं.

घरात पोरं असतील, किंवा कुंग फूचं फारसं वेड नसेल, तर 'प्रोजेक्ट ए' लावा. मी स्वतः 'ड्रंकन मास्टर'च निवडेन, त्या शेवटच्या झुंजीसाठी. पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा आला तरी बंद करू नका. सू तोवर पुरता रंगात आलेला नसतो.