फक्त मोठ्यांचं रिसेप्शन, बीड बायपासचं लॉन: जेवण चांगलं, लेकरांची खोली एक नंबर, गेटवर मात्र गडबड

धाकट्या बहिणीचं रिसेप्शन मागच्या हिवाळ्यात या लॉनवर केलं. बुकिंगपासून हिशोब मिटेपर्यंत सगळं मी आणि आमच्या ह्यांनी पाहिलं त्यामुळे जे लिहितेय ते पाहुणी म्हणून नाही, यजमान म्हणून लिहितेय. पाचपैकी चार स्टार देतेय आणि एक का कापला ते खाली सविस्तर सांगते. आपल्याकडं संभाजीनगरात लॉन भरपूर आहेत पण "समारंभ फक्त मोठ्यांचा आहे, लेकरांची सोय वेगळी पाहिजे" म्हणलं की बऱ्याच ठिकाणचे मॅनेजर आपल्याकडं बघतच राहतात, म्हणून हे मोठं लिहितेय, कुणाच्या तरी कामी येईल.

आधी लेकरं का नकोत ते. बहिणीनं आणि जावयानं लग्न नोंदणी पद्धतीनं केलं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या आणि झालं. हळद मात्र गावाकडं सेलूला, तिथं सगळ्या भावकीला चूलबंद आवतन होतं, लेकराबाळांसकट, दोन दिवस लेकरांनी वाडा डोक्यावर घेतला होता. मग संभाजीनगरच्या रिसेप्शनला त्या दोघांना एकच गोष्ट पाहिजे होती, बसून ऐकायची गझलची मैफल. वली आणि सिराज औरंगाबादी या जुन्या उर्दू शायरांचं हे शहर, आणि आपण इथं लग्नात डीजे लावून एकमेकांशी बोलायचं पण बंद केलंय, असं बहिणीचं म्हणणं आणि ते मला मनापासून पटलं. खाली गाद्या-लोड, मधे पणत्या, दोन-सव्वादोनशे माणसं. आता पणत्या आणि पळती लेकरं एकत्र ठेवायची माझी तर हिंमत झाली नसती. शिवाय स्टेजवर रांग नाही, नवरानवरीच पाहुण्यांत फिरून भेटणार, आहेर नाही, टॉवेल-टोपीचा मानपान नाही आणि माइकवरून पुढाऱ्यांचे सत्कार तर अजिबात नाही. हे शेवटचं आपल्याकडं किती अवघड असतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, मुहूर्त टळतो पण आशीर्वादपर भाषणं टळत नाहीत.

घरात वादळ झालंच. मोठी आत्या म्हणाली, "काहून गं, लेकरं नको म्हणता म्हणजे दारू ठेवली का काय?" हा संशय पहिला येतो हे लक्षात ठेवा. दारूचा थेंब नव्हता, पण ते आपणहून फोनवर सांगावं लागतं, नुसतं पत्रिकेत "फक्त मोठ्यांसाठी" छापून भागत नाही. आणि पत्रिकेचं एक सांगते, प्रेसवाल्यांच्या तयार नमुन्यात "सहकुटुंब सहपरिवार" ही ओळ आणि खाली "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" ही चिमुकल्यांची लाडिक हाक असतेच. मोठ्यांच्या समारंभाच्या पत्रिकेत या दोन ओळी राहिल्या तर पाहुण्याला दोष देता येणार नाही, त्याला तुम्हीच सहपरिवार बोलावलंय. आमच्या आजीचा त्या लाडिक हाकेसाठी हट्ट होता, ती हळदीच्या पत्रिकेत घातली, आजी खूश. रिसेप्शनच्या पाकिटावर प्रत्येकाचं नाव हातानं लिहिलं, आणि ज्यांच्या घरात लहान लेकरं त्या प्रत्येक घरी आईनं स्वतः फोन केला. छापील ओळीचा राग येतो, आईच्या फोनचा येत नाही.

आता या लॉनची खरी जमेची बाजू. मागं खोल्या आहेत, त्यातली एक मोठी खोली यांनी लेकरांसाठी करून दिली. हे आम्ही मागितलं कारण आमची निम्मी माणसं परभणी, मानवत, जिंतूरची. दुपारच्या तपोवन एक्सप्रेसनं आलेला माणूस रात्री परत जाऊ शकत नाही, मुक्काम आलाच, आणि मुक्काम आला की दोन-तीन वर्षांचं लेकरू कुणाच्या जिवावर घरी सोडायचं? शहरातल्या शहरात "लेकरं आजीकडं ठेवून या" म्हणणं सोपं आहे, गावाहून येणाऱ्या सुनेला तसं म्हणणं म्हणजे "तू येऊ नको" म्हणण्यासारखंच. कारण घरी थांबणार शेवटी तीच, नवरा येऊन जेवून जाणार. माझं तर ठाम मत झालंय की लेकरांची सोय करायची नसेल तर फक्त मोठ्यांचा समारंभ बाहेरगावच्या पाहुण्यांवर लादूच नये.

खोलीत खाली गाद्या टाकलेल्या, खिडक्यांना जाळी, संडास आतच, दाराला कडी वर हात पोचेल अशी. सांभाळायला दोन बायका लॉनवाल्यांनीच दिल्या, एक तर अंगणवाडीत मदतनीस राहिलेली, तिनं लेकरांना असं काही गोष्टींत रमवलं की दोन पोरं निघताना रडली. जेवण सातलाच, मुगाची खिचडी तूप आणि पुरी-श्रीखंड, तिखट काही नाही. प्रत्येक लेकराच्या हाताला आईचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली पट्टी बांधली, आणि आईशिवाय कुणाच्या हाती लेकरू द्यायचं नाही ही सूचना त्यांनी आजोबांच्या बाबतीतही पाळली, आजोबा चिडले पण मला ते फार आवडलं. अंगावर पिणारी लेकरं आईसोबत मैफलीतच होती, त्यांच्यासाठी मैफलीच्या मागं आडोसा करून दोन खुर्च्या आणि पंखा. कमी एकच, खोलीचा पंखा आवाज करत होता आणि झोपलेल्या लेकरांसाठी पांघरुणं कमी पडली, डिसेंबरात गारठा असतो, आम्ही घरच्या चादरी आणल्या होत्या म्हणून भागलं.

आता कापलेला स्टार. गेटवर आमची यादी होती आणि मॅनेजरला स्पष्ट सांगितलं होतं की नियम सगळ्यांना एकच. आमचे एक मामा दोन नातवंडं घेऊन आले, तेव्हा गेटवरच्या पोरानं वाद घातला नाही, मला फोन लावला, मी गेले, मामांना पाया पडले, नातवंडांना खोली दाखवली, मामा पाच मिनिटांत मैफलीत येऊन बसले. इथपर्यंत छान. पण तासाभरानं एक मोठं प्रस्थ आलं, सोबत चार-पाच माणसं आणि सात-आठ वर्षांचा मुलगा, आणि मॅनेजर स्वतः पुढं होऊन त्यांना लेकरासकट थेट पहिल्या रांगेत घेऊन गेले. मला विचारलं पण नाही. तो मुलगा तसा शांत होता, त्याचं काही नाही, पण मागं माझी चुलत जाऊ बसली होती जी आपल्या पोरीला खोलीत रडती सोडून आली होती, तिचा चेहरा मला अजून विसरता येत नाही. ती काही बोलली नाही, थोड्या वेळानं उठून खोलीत गेली ती जेवायलाच बाहेर आली. ज्यांनी मान ठेवून नियम पाळला त्यांनाच अपमान वाटावा, याला काय म्हणायचं? नियम गरिबाला एक आणि गाडीतून उतरणाऱ्याला दुसरा असेल तर असा समारंभ करूच नये, सरळ सगळ्यांना लेकरांसकट बोलवावं. मॅनेजर नंतर म्हणाले "ताई, त्यांना कसं अडवायचं". अडवायचं नव्हतंच, मला बोलवायचं होतं, जसं मामांच्या वेळी बोलावलं.

पाहुण्यांनाही दोन शब्द सांगते, रागानं नाही. पटत नसेल तर येऊ नका पण आठवडाभर आधी कळवा, आमच्या एका काकांनी तसंच केलं, "लेकराला सोडून येणं जमत नाही बाई, घरी जेवायला ये दोघांना घेऊन" म्हणाले, केवढा मोकळेपणा. पानं मोजून सांगितलेली असतात, कॅटररचा हिशोब पानावर चालतो. "आमचं लेकरू गुणाचं आहे, बसेल मांडीवर" हे गेटवर सांगू नका, प्रत्येकाचं लेकरू गुणाचंच असतं. आणि नवरीला त्या रात्री ऐकवू नका. एका बाईंनी जेवता जेवता बहिणीला "तुला झाल्यावर कळेल" म्हणलं, पोरगी सगळी संध्याकाळ आनंदात होती आणि त्या एका वाक्यानं तिचे डोळे भरले.

जेवण थोडक्यात. आल्या आल्या मोसंबीचा रस, मग बसून पंगत, बुफे नाही, हेही आम्हीच मागितलं होतं. येसर आमटी खरोखर घरच्यासारखी, वांग्याचं भरीत, ठेचा, मसालेभात, कुंथलगिरीच्या खव्याचे गुलाबजाम लोकांनी मागून मागून खाल्ले. भाकरी पहिल्या पंगतीला गरम, दुसऱ्या पंगतीला गार आणि कडक, चुलीवर एकच बाई होती, दोन पाहिजेत. वाढपी आग्रह करतात पण घाई करत नाहीत.

मैफलीची साउंड सिस्टिम यांचीच, आवाज स्वच्छ, कानाला त्रास नाही. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, नियमच आहे, मॅनेजरनं पाऊण तास आधी आठवण दिली म्हणून गायकाला शेवट नीट करता आला, आणि दहानंतर माइक बंद करून त्यानं अजून दोन गझला तशाच म्हणल्या, लोक सरकून जवळ येऊन बसले, माझ्यासाठी तर तोच सगळ्यात सुंदर भाग. जनरेटर आहे, पार्किंग मोठं आहे, मात्र बायपासवरून आत वळायची जागा अंधारात कळत नाही, एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा.

डिपॉझिट पूर्ण परत मिळालं, कटकट नाही. गेटचा विषय मी मालकांना भेटून सांगितला, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की इथून पुढं अशा समारंभाला गेटवर घरचं एक माणूस आणि आमचं एक असं दोघं उभं करू, घरच्याच्या होकाराशिवाय कुणालाच आत सोडणार नाही. बुकिंग करताना हे पावतीच्या मागं लिहून त्यांची सही घ्या. लेकरांच्या खोलीचं आणि सांभाळणाऱ्या बायकांचं भाडं पॅकेजमधे धरलेलं नसतं, ते पण तिथंच लिहून घ्या, आणि गेटवर उभं करायला घरातलं असं माणूस निवडा ज्याला मोठ्या माणसालाही हात जोडून नाही म्हणता येतं.