शारजा की बर्मिंगहॅम? लेकरं घेऊन निघणाऱ्या घरासाठी

कुर्ल्यात आमच्या इमारतीतल्या तीन जोडप्यांनी गेल्या वर्षभरात मला हाच प्रश्न विचारला. नवऱ्याला आखातातून बोलावणं आलंय, इंग्लंडचंही जमेलसं दिसतंय, पदरात एक-दोन लहान मुलं, घरी थकलेली आई. जायचं तर कुठे? मला विचारतात कारण मी सहा वर्षं शारजात संसार करून परत आले आणि माझी धाकटी बहीण २०१६ पासून बर्मिंगहॅमला आहे. आम्ही दोघी रोज फोनवर बोलतो, त्यामुळे दोन्हीकडचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो ते मला ठाऊक आहे. पगाराचे आकडे तुम्हाला एजंटही सांगेल. मी आधी दिवसाबद्दल सांगते.

माझं मत सुरुवातीलाच देऊन टाकते. शारजात दिवस सोपा जातो, पण पुढच्या वर्षाचा भरवसा नसतो. बर्मिंगहॅमला रोजचा दिवस ओढून न्यावा लागतो, पण पाय रोवायला जागा मिळते.

नमाज, रोजे आणि घड्याळ

शारजाला आम्ही रोला भागात राहायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन मशिदींची अजान एकापाठोपाठ यायची. ऑफिसात, मॉलमध्ये, अगदी पेट्रोल पंपावरही नमाजची खोली असते. कुणाची परवानगी काढायची नाही, कुणाला समजावायचं नाही. जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असं झालं. शारजात सरकारी कचेऱ्या आणि शाळा तर शुक्रवारीही पूर्ण बंद. रमजानात खासगी नोकरीतसुद्धा कामाचे दोन तास कायद्यानेच कमी होतात. आणखी एक गोष्ट आपल्या कोकणी मुसलमानांनाच कळेल. आपण शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या चार परंपरांपैकी एकीचे, आणि असरची, दुपार उतरतानाच्या नमाजची, वेळ परंपरेप्रमाणे बदलते. तिथल्या असरची वेळ आपल्या असरशी जुळते, त्यामुळे मुलांना दोन वेळापत्रकं समजावत बसावं लागत नाही.

आता बर्मिंगहॅमचा डिसेंबर बघा. सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आतच मावळतो. जोहर (दुपारची नमाज) सव्वाबाराच्या सुमारास, असर दोनच्या आधी लागते आणि मगरिब (सूर्यास्ताची) चारला. म्हणजे तीन नमाजा ऑफिसच्या वेळेत आणि मुलीला शाळेतून आणण्याच्या धावपळीत. बहीण हिशेबाचं काम करते. ऑफिसात स्टेशनरीच्या खोलीत, कागदांच्या खोक्यांमागे तिची जानमाज, नमाजची चटई, घडी करून ठेवलेली असते. वझू करताना, म्हणजे नमाजआधी हातपाय धुताना, बेसिनमध्ये पाय वर घेतले की सोबतच्या बायका बघत राहायच्या. मग तिने चामड्याचे मोजे घ्यायला सुरुवात केली. सकाळी घरी वझू करून घालायचे आणि दिवसभर त्यावर मसह करायचं, म्हणजे पाय न धुता मोज्यांवरून ओला हात फिरवायचा. हा उपाय तिला ऑफिसातल्या एका सोमाली बाईने सांगितला. जूनमध्ये सगळं उलटतं. मगरिब साडेनऊला, रात्रीच्या इशाला अकरा वाजून जातात, आणि पहाटेची फजर तीनच्या आसपास.

२०१७ च्या जूनमध्ये तिचे रोजे अठरा तासांच्या वर गेले होते, तेही मूल अंगावर पीत असताना. मात्र आता निघणाऱ्यांचं नशीब चांगलं. रमजान हिवाळ्याकडे सरकतोय, २०३० साली तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा येईल. पुढची दहाएक वर्षं तिथले रोजे मुंबईइतकेच किंवा त्याहून लहान असतील. ईद मात्र तिथे कधी कधी एकाच गल्लीत दोन दिवस होते, कारण एक मशीद सौदीचा चांद धरते, दुसरी धरत नाही. सार्वजनिक सुट्टी नाही, आपली रजा आपण काढायची. चांद नक्की नसेल तर बहीण दोन दिवसांची रजा टाकून ठेवते.

मुलं

माझ्या मते खरा निर्णय इथे होतो.

शारजातल्या भारतीय शाळांत सीबीएसई मिळतं. मुसलमान मुलांना इस्लामचं शिक्षण आणि अरबी हे विषय खासगी शाळांतही घ्यावेच लागतात. माझा मुलगा सहाव्या वर्षी दुकानांच्या अरबी पाट्या वाचायचा. आम्ही मुंबईला परतलो तेव्हा तोच बोर्ड असल्यामुळे वर्गात त्याची गाडी कुठे अडली नाही. पण या शाळा फुकट नाहीत. फी, बस, पुस्तकं, गणवेश मिळून दोन मुलांचा खर्च भाड्याच्या जोडीला जाऊन बसतो. जून ते सप्टेंबर उन्हामुळे मुलं घरातच कोंडलेली. आणि बाप? नवऱ्याची नोकरी दुबईत, स्वस्त भाड्यासाठी घर शारजात. सकाळी पावणेसहाला तो निघायचा, रात्री यायचा तोवर मुलं झोपलेली. शारजा-दुबई रस्त्यावरची गर्दी भाड्याच्या हिशेबात कुणी धरत नाही. तुम्ही धरा.

बर्मिंगहॅमला सरकारी शाळा फुकट आहे आणि चांगली आहे. सव्वातीनला भाचीला घेऊन बहीण घरी येते, हिवाळ्यात मगरिब पढते, गाडीतच पोरीला चपाती-अंड्याचा रोल देते आणि पाचला मदरशात सोडते. सातपर्यंत मदरसा. आठवड्याचे पाच दिवस हे असंच चालतं. मूल दमतं, आई त्याहून दमते. पण दहा वर्षांची भाची मला फोनवर विचारते, "खाला, आपण हे का करतो?" आणि उत्तर पटेपर्यंत सोडत नाही. शाळेत तिला सारखं कुणी ना कुणी विचारत असतं, म्हणून ती विचार करते. माझ्या मुलाला शारजात 'का' असं कधी विचारावंच लागलं नाही. दोन्हींत चांगलं काय हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण भाचीची समज मला मनापासून आवडते.

तिकडची भीतीही सांगायला हवी. जुलै २०२४ च्या अखेरीला साउथपोर्टच्या मशिदीवर हल्ला झाला आणि दंगली इतर शहरांत पसरल्या. तेव्हा बहिणीने आठवडाभर मुलीला मदरशात पाठवलं नाही. मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीला ही भीती नवी नाही. तिची मुलगी मात्र ती पहिल्यांदाच बघत होती.

खाणं

यात फार वेळ घालवू नका. शारजात सगळंच हलाल. सौक अल जुबैलच्या मासळी बाजारात सुरमईला कनाड म्हणतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं. बर्मिंगहॅमला स्पार्कहिल आणि लेडीपूल रोडला हलाल मटणाच्या दुकानांची रांग आहे. फक्त मुलांच्या गोळ्या-बिस्किटांवर जिलेटिन कशाचं ते वाचायची सवय लावा. सांदण दोन्हीकडे होतं, नारळाचं दूध डब्यातलं घ्यावं लागतं.

पैसा आणि राहण्याचा हक्क

अमिरातीत पगारावर आयकर नाही. कुटुंब नेण्यासाठी नवऱ्याचा पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, एवढा लागतो. एवढ्या पगारावर व्हिसा मिळेल, संसार होणार नाही. घरभाडं पुढच्या तारखांचे चेक देऊन भरायचं असतं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात हातात मोठी रक्कम हवी. आणि सगळ्यांचा व्हिसा एका नोकरीला बांधलेला. २०२० मध्ये नवऱ्याची कंपनी बसली. नोकरी, घर, शाळा, व्हिसा, चारही एकाच दोरीला असल्याचं मला त्या दिवशी कळलं. वर्षभर इकडेतिकडे हातपाय मारून आम्ही परतलो. तिथे तीस वर्षं काढलेले लोकही शेवटी परतलेच.

ब्रिटनमध्ये १२,५७० पौंडांवरच्या पगारावर २० टक्के कर, ५०,२७० च्या वर ४० टक्के, शिवाय नॅशनल इन्शुरन्स वेगळा. कुशल कामगार व्हिसासाठी जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंड आहे. सरकारी दवाखान्यासाठीचा अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड, तोही व्हिसाच्या अर्जाबरोबरच. नवरा-बायको आणि दोन मुलं, पाच वर्षांचा व्हिसा: १८,११० पौंड. कंपनी यातले किती देणार ते लेखी घ्या. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिथे नोकरी करता येते, ही मोठी जमेची बाजू. पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज करायचा हा आजवरचा रस्ता होता. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तो दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा नियम वाचा, चुलत्याचा अनुभव धरून चालू नका.

दोन वाटा तर बंदच समजा. मास्टर्ससाठी जायचं आणि बायको-मुलांना सोबत न्यायचं, हे जानेवारी २०२४ पासून बहुतेक अभ्यासक्रमांना चालत नाही. आणि केअर वर्करच्या नोकरीवर परदेशातून नवी भरती जुलै २०२५ मध्ये थांबवली. मुंबईत अजून या नावाने कुणी लाखो रुपये मागत असेल तर सरळ उठून या.

अम्मी-अब्बा

२०१८ मध्ये अब्बा गेले. फजरच्या सुमारास भावाचा फोन आला. मी सकाळचं विमान पकडलं, तीन तासांत मुंबई, दुपारी घरी. मय्यत असरनंतर उठवायची होती. मी अब्बांचं तोंड पाहिलं, कपाळाला हात लावला. बहिणीला त्या दिवशी थेट विमान मिळालं नाही, ती दुसऱ्या दिवशी रात्री पोचली. कबरस्तानातून सगळे परतून तीस तास झाले होते. आपल्यात मय्यत थांबवत नाहीत, आणि नऊ-दहा तासांच्या विमानाला तोडगा नाही.

अम्मीला आणायचं म्हटलं तर अमिरातीचा भेटीचा व्हिसा सहज होतो. ब्रिटनचा भेटीचा व्हिसा एका वेळी सहा महिन्यांचा, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना कायमचं नेण्याची अट इतकी कडक आहे की त्या भरवशावर जाऊ नये.

त्यामुळे मला विचारणाऱ्यांना मी असं सांगते. घरी आई एकटी आहे, मुलं पाचच्या आतली आहेत आणि काही वर्षांत मुंब्र्यात किंवा मीरा रोडला घर घ्यायचंय, तर शारजा. पण परतीचं वर्ष जाण्याआधी ठरवा. दोघंही शिकलेले, दोघांनाही नोकरी करायची, आई भावाकडे सुखात आहे, तर बर्मिंगहॅम. फक्त पगार जास्त म्हणून मुलांना इंग्लंडला नेऊ नका. कर, भाडं आणि अधिभार वजा केल्यावर पहिली काही वर्षं हातात शारजापेक्षा कमीच उरतं, बहिणीच्या वह्यांत ते लिहिलेलं आहे.

कुठेही जा, आधी लग्नाचा कागद बघा. काझींच्या नुसत्या उर्दू निकाहनाम्यावर विसंबू नका. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लग्नाची नोंद करून दाखला घ्या. अमिरातीसाठी त्यावर मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि मग अमिरातीचा वकिलाती शिक्का लागतो. ब्रिटनसाठी घरातल्या सगळ्यांची टीबी तपासणी त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच करावी लागते. आणि पासपोर्ट, शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, तिन्हींवर बायकोचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना ते आजच तपासा. माझ्या नावातला एक 'एच' दुरुस्त करायला चार महिने गेले होते.